बॅटरी बदलण्याआधी थांबा: सोलर इन्व्हर्टरच्या बाबतीत या चुका टाळा

लाइट गेली, घर इन्व्हर्टरवर आलं, आणि एरवी चार तास सहज चालणारं सगळं चाळीस मिनिटांत बंद पडलं, की घरात एकच निदान होतं: "बॅटरी गेली." मीही तेच केलं होतं. ट्युब्युलर (शिसे-आम्लाच्या) बॅटरीला पाच वर्षं झाली होती, म्हणून शंकासुद्धा घेतली नाही. नवी आणली, जुनी देऊन टाकली. पहिले दोन दिवस नुसते दिवे-पंखे होते, छान चाललं. तिसऱ्या दिवशी मिक्सर लावला आणि इन्व्हर्टर चार वेळा कोकलून बंद. नवी कोरी बॅटरी, भरलेली, तरी 'लो बॅटरी'.

मग हात लावून पाहिलं. पॉझिटिव्हच्या जाड वायरीच्या टोकाचा लग (वायर नटाखाली बसवायची धातूची टोपी) इतका तापला होता की बोट टेकवेना. नट तर घट्ट होता. दोष नटाखाली नव्हताच. लग वायरीवर क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबलेला नव्हता, हातोडीने ठोकलेला होता. आतल्या तांब्याच्या तारा काळ्या पडल्या होत्या. बॅटरी बदलली, पण ती वायर आणि तो लग तसाच नव्या बॅटरीवर चढवला, म्हणजे दुखणं जिथल्या तिथे. जुनी बॅटरी कदाचित अजून दोन वर्षं चालली असती. पण ती तपासायला आता माझ्याकडे नाही.

जोड आधी, बॅटरी नंतर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा हिशेब मांडतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ७०० वॅटचा लोड टाकला, तर इन्व्हर्टरमधली घट धरून बॅटरीतून सुमारे ७० अँपिअर ओढले जातात. जोडात फक्त १० मिलिओहमचा रोध असेल, साध्या मल्टिमीटरवर धड दिसणारही नाही इतका, तरी तिथे ०.७ व्होल्ट खाल्ले जातात आणि जवळपास ५० वॅटची उष्णता त्या एका लगमध्ये तयार होते. म्हणजे सोल्डरिंग आयर्नच की. बॅटरीच्या टर्मिनलवर ११.३ व्होल्ट असताना इन्व्हर्टरला दिसतात १०.६. बऱ्याच इन्व्हर्टरचा बंद पडायचा आकडा, म्हणजे कटऑफ, १०.५ च्या आसपास असतो, त्यामुळे बॅटरीत जीव शिल्लक असतानाच तो हात वर करतो.

चार्जिंगच्या वेळी हाच जोड उलटा फसवतो. इन्व्हर्टरला व्होल्टेज असतं त्याहून जास्त दिसतं, तो 'झालं फुल्ल' समजून करंट कमी करतो, आणि बॅटरी रोज थोडी थोडी उपाशी राहते.

तपासायची पद्धत सोपी आहे, पण ती लोड चालू असतानाच करायची. मल्टिमीटर डीसीच्या २ व्होल्टच्या रेंजवर ठेवा. ५००-७०० वॅटचा लोड चालू करा. एक प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवा, नटावर नाही, खांबावरच. दुसरा प्रोब लगच्या पलीकडे, वायरीच्या तांब्यावर. मीटर जे दाखवेल तेवढे व्होल्ट तो जोड गिळतोय. शंभरातले दोन-चार भाग, म्हणजे ०.०२ ते ०.०४, चालून जातं. ०.२ च्या पुढे गेलं की तो जोड उघडायचाच. मग निगेटिव्हला तेच, मग इन्व्हर्टरच्या बाजूच्या दोन्ही टोकांना तेच. मधे फ्यूज किंवा आयसोलेटर (लाइन तोडायचा स्विच) असेल तर त्याच्या दोन्ही अंगांना. दहा मिनिटांचं काम आहे. लोड नसताना हेच मोजलं तर सगळीकडे शून्य येईल आणि तुम्ही 'जोड चांगले आहेत' म्हणून पुन्हा बॅटरीच्याच मागे लागाल.

खांबावर पांढरा-हिरवा चुरा जमला असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा (झाकणं बंद ठेवून, सोडा आत गेला तर आम्लच मरतं), कोरडं करा, घासून धातू उघडा करा, घट्ट करा आणि मग वरून पेट्रोलियम जेली. क्रम महत्त्वाचा आहे. जेली आधी आणि लग नंतर असं करणारे मी पाहिलेत. नट आवळल्यावर मार्करने नटापासून लगपर्यंत एक सरळ रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी रेघ जुळत नसेल तर नट सरकलाय, पाना न लावताच कळतं.

चुकीच्या वेळी मोजलेलं व्होल्टेज

दुपारी दोन वाजता मीटर लावून "बघा, १३.६ आहे, बॅटरी ठणठणीत" असं म्हणण्यात काही अर्थ नाही. तो आकडा चार्जरचा आहे, बॅटरीचा नाही. चार्जिंग बंद झाल्यावरही वरवरचा चार्ज बराच वेळ टिकतो. खरा आकडा हवा असेल तर चार्जिंग आणि लोड दोन्ही बंद ठेवून बॅटरीला तीन-चार तास विश्रांती द्यावी लागते. सोलरवाल्या घरात यासाठी उन्हं यायच्या आधीची वेळ सोयीची, फक्त रात्री झोपताना लोड आणि लाइटवरचं चार्जिंग तोडून ठेवायचं. शिसे-आम्लाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला अशा वेळी १२.७ च्या आसपास मिळालं तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि ११.८ च्या खाली रिकामी.

पाणी घालायच्या बॅटरीला याहून बोलका साक्षीदार म्हणजे हायड्रोमीटर. एकेका सेलचं (बॅटरीतल्या कप्प्याचं) आम्ल ओढून घनता बघायची. सहापैकी पाच सेल १.२४ दाखवतात आणि एक १.१७, तर निदान झालं, तो सेल गेला. सहाही सेल सारखेच १.१८ दाखवत असतील तर बॅटरी बिघडलेली नाही, उपाशी आहे. तिला आधी पोटभर चार्ज करा, आणि ती उपाशी का राहिली हे शोधा. या दोन्हींत लोक फरक करत नाहीत, आणि उपाशी बॅटरी भंगारात जाते. मात्र उपाशी ठेवून महिने काढले तर प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होतं, आणि मग ती खरोखरच चार्ज धरत नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात: डिस्टिल्डच. फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं चालत नाही, क्षार त्यातही राहतात. पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावर घालायचं, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधीच काठोकाठ भरलेलं असेल तर आम्ल बाहेर उतू जातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच चार्जिंगच्या आधी, आणि तेही प्लेटा बुडतील इतकंच. आम्ल मात्र कधीच घालायचं नाही.

मुळात हिशेबच चुकलेला

बॅटरीवर १५० अँपिअर-तास लिहिलंय, १२ ने गुणलं, १८०० वॅट-तास आले, माझा लोड ३०० वॅट, म्हणजे सहा तास. असा हिशेब मांडून कितीतरी जण निर्दोष बॅटरीवर रागावतात. शिसे-आम्लाची बॅटरी रोज तळापर्यंत उपसायची नसते, निम्मी धरा. ९०० उरले. इन्व्हर्टर त्यातले पंधरा टक्के खातो. राहिले साडेसातशेच्या आसपास, म्हणजे ३०० वॅटवर अडीच तास. शिवाय बॅटरीवरचा आकडा दहा किंवा वीस तासांत हळूहळू वापरली तरचा असतो. दोन तासांत ओढली तर तेवढीही देत नाही.

आणखी एक छुपा खाणारा: इन्व्हर्टर स्वतः. लोड शून्य असतानाही मोठे हायब्रिड (सोलर, बॅटरी आणि लाइट तिन्ही सांभाळणारे) इन्व्हर्टर २५-३० वॅट, काही त्याहून जास्त घेतात. ३० वॅट गुणिले २४ तास म्हणजे ७२० वॅट-तास, वर आपण काढलेली जवळजवळ सगळी वापरण्याजोगी वीज! छोट्या बॅटरीवर गरजेपेक्षा दुप्पट मोठा इन्व्हर्टर बसवला की रात्रभरात बॅटरी 'आपोआप' उतरते ती अशी. "पुढे उपयोगी पडेल" म्हणून पाच किलोवॅटचा घेणाऱ्यांनी हा आकडा त्याच्या माहितीपत्रकात आधी शोधावा.

पॅनेलवर घेतलेला खोटा आळ

"सकाळी ९०० वॅट दाखवत होतं, भर दुपारी १५०. पॅनेल खराब झालं." नाही झालं. बॅटरी भरत आली की कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा भाग) हात आखडता घेतो, लागेल तेवढंच ओढतो. शहानिशा एका मिनिटाची: दुपारी मोठा लोड चालू करा. वॅट उडी मारून वर गेले तर पॅनेल ठीक आहे.

उडी मारली नाही तर सावली बघा. पाण्याच्या टाकीचा पाइप, डिशचा दांडा, सकाळी नऊला नसलेली पण तीनला येणारी फांदी. एका पॅनेलमध्ये सहसा तीन बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारे) असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर पडलेली हातभर सावलीसुद्धा त्या पॅनेलचा तिसरा हिस्सा बाद करू शकते. धूळ सगळीकडे सारखी बसते, सावली एका जागी नेम धरून बसते.

एक जोडी तर दुकानातच चुकते: मोठं पॅनेल आणि स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर. ३३० वॅटचं ७२ सेलचं पॅनेल साधारण ३७ व्होल्टला जवळपास ९ अँपिअर देतं. पीडब्ल्यूएम त्याला सरळ १२ व्होल्टच्या बॅटरीला बांधतो, म्हणजे १३ व्होल्ट गुणिले ९ अँपिअर, फार तर १२० वॅट. उरलेले दोनशेहून जास्त वॅट गेले कुठे हे शोधण्यात लोक महिने घालवतात. ते कुठेच गेले नाहीत, ते कधी आलेच नव्हते. इथे एमपीपीटीच (जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलणारा कंट्रोलर) हवा.

एमपीपीटी घेतला की दुसरं टोक सांभाळायचं. थंडीत पॅनेलचं ओपन सर्किट (काहीच जोडलेलं नसतानाचं) व्होल्टेज वाढतं, दर अंशाला साधारण ०.३ टक्के. ४६ व्होल्टची तीन पॅनेल सीरिजमध्ये (एकामागे एक जोडून) म्हणजे १३८, कंट्रोलरची कमाल १४५, बसलं की! पण तो ४६ चा आकडा २५ अंशांचा आहे. ५ अंशांच्या पहाटे तेच १४६ च्या वर जातं, आणि कंट्रोलर नेमका थंडीच्या पहिल्या कोवळ्या उन्हात मरतो. मालक म्हणतो, "काल रात्रीपर्यंत तर चालू होता."

सेटिंग, आणि न जुळणारी जोडपी

बॅटरी बदलली आणि इन्व्हर्टरमधला बॅटरीचा प्रकार तसाच ठेवला, हे फार वेळा दिसतं. ट्युब्युलरचं सेटिंग लिथियमला लावून ठेवलं तर ठरावीक काळाने येणारं इक्वलायझेशन (मुद्दाम दिलेलं जादा व्होल्टेजचं चार्जिंग) बीएमएसला (लिथियम बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटला) ट्रिप करतं. लिथियम बॅटरी मीटरवर थेट शून्य व्होल्ट दाखवत असेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा बीएमएसने दार लावून घेतलेलं असतं, चार्जर लावला किंवा रिसेटचं बटण दाबलं की ती जागी होते. मात्र पुन्हा पुन्हा झोपत असेल तर आतला एखादा सेल मागे पडलाय. आणि लिथियममधल्या उरलेल्या चार्जच्या टक्क्यांवर आंधळा विश्वास नको. बरेच दिवस पूर्ण भरलीच नाही तर तो आकडा भरकटतो. एकदा शंभर टक्क्यांपर्यंत भरू द्या, जागेवर येतो.

जुन्या बॅटरीला नवी जोडीला देऊ नका. २४ व्होल्टच्या सिस्टिममध्ये दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये असतात आणि चार्जरला फक्त बेरीज दिसते. २८.८ दिसले की तो खूश. प्रत्यक्षात एकीवर १५.६ असतात, ती उकळतेय, आणि दुसरीवर १३.२, ती कधीच भरत नाही. महिन्यातून एकदा चार्जिंग चालू असताना दोन्हींचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा.

जाता जाता: छतावर पॅनेल आहेत पण लाइट गेली की घरात अंधार, ही तक्रार असेल आणि सिस्टिम बॅटरीविना ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजलाइनला, जोडलेली असेल, तर बिघाड शोधू नका. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला उलटी वीज लागू नये म्हणून असा इन्व्हर्टर ग्रिड गेलं की मुद्दाम बंद होतो.

जिथे स्वतः हात घालू नये

पॅनेलचे कनेक्टर उन्हात, लोड चालू असताना ओढून काढणं ही सर्वांत धोक्याची सवय. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीचा येत नाही, आर्क (ठिणगीची ज्वाला) लांबत जातो. याच कारणाने डीसी लाइनवर एसीची एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) बसवू नये. ती पडली तरी आत जळत राहू शकते. बंद करताना आधी डीसी आयसोलेटरने पॅनेल तोडायचं, मग लोड, शेवटी बॅटरी. जोडताना उलट, आधी बॅटरी. बॅटरीपाशी वाकताना हातातली अंगठी, कडं काढून ठेवा आणि पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर ओव्हरचार्जिंग चाललंय. खिडकी उघडायची, चार्जिंग बंद करायचं, आणि जवळ कसलंही बटण चटकन दाबायचं नाही, कारण सोबत हायड्रोजनही असतो.

एखादी खोली लाइट असताना चालते पण इन्व्हर्टरवर मेलेली, किंवा लाइट परत आली की आरसीसीबी (वीजगळती झाली की पडणारा स्विच) पडतो, तर इन्व्हर्टर उघडू नका. बहुधा फेज इन्व्हर्टरवर घेतलाय आणि न्यूट्रल जुन्याच सर्किटवर राहिलाय. ते डीबी (घरातली वितरण पेटी) उघडूनच सुधारायचं काम आहे आणि ते वायरमनचं आहे. त्याला फक्त "इन्व्हर्टर खराब आहे" असं सांगू नका. कोणती खोली, लाइट जाताना की येताना, आणि त्या वेळी काय चालू होतं, एवढं लिहून त्याच्या हातात द्या.