पहिला टँकर पाण्याचाच असावा

ट्रकवर वर्ष-दीड वर्ष काढलेले अनेक तरुण टँकरच्या कामाकडे वळतात, कारण तेथे हमालांची वाट पाहावी लागत नाही आणि फेऱ्या बऱ्याच अंशी ठरलेल्या असतात. मात्र ट्रकमधली पोती रचली तिथेच राहतात, तर टाकीतला द्रव प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक वळणाला जागा बदलतो. अनुभव थोडा असेल, तर सुरुवात कोणत्या द्रवापासून करायची हे आधी ठरवावे, असे माझे ठाम मत आहे.

परवाना अजून नसेल, तर त्याचे काम तुलनेने सोपे आहे. मालवाहू वाहनाच्या परवान्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि हलक्या मोटार वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो. शिकाऊ परवान्याचा अर्ज 'सारथी' पोर्टलवर होतो, त्यासोबत नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. आठवी उत्तीर्ण असण्याची जुनी अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. प्रशिक्षणासाठी मात्र अवजड वाहन खरोखर हाती देणारी शाळाच शोधावी.

परवाना हाती आल्यावर पहिले काही महिने पाण्याच्या टँकरवर काढावेत. उन्हाळ्यात मराठवाड्यात किंवा माण-खटावकडे अशा टँकरना भरपूर काम असते, अरुंद रस्त्यांवर गाडी मागे घेण्याचा हात बसतो आणि सांडले तरी ते पाणीच असते. गावात शिरल्यावर हंडे घेऊन माणसे व मुले गाडीमागे धावतात. म्हणून क्लीनर खाली उतरून मागे उभा राहिल्याशिवाय गाडी एक फूटही मागे घेऊ नये.

या काळात शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे लाट. पूर्ण भरलेल्या टाकीत द्रवाला हलायला जागा नसते आणि रिकाम्या टाकीत द्रवच नसतो. सर्वांत अवघड असते ती अर्धी भरलेली टाकी. ब्रेक दाबला की द्रव पुढच्या भिंतीवर आदळतो आणि थांबलेली गाडीसुद्धा पुढे ढकलू पाहतो, विशेषतः रस्ता ओला असेल तेव्हा. त्यामुळे ब्रेक लवकर आणि हलका लावावा आणि गाडी थांबल्यावरही लाट निवेपर्यंत पाय काढू नये. टाकीत आडवे पडदे, म्हणजे भोके असलेले पत्रे, असले, तरी ते पुढे-मागे जाणारी लाट मोडतात, बाजूला कलणारा द्रव ते थांबवत नाहीत. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात शिरल्यावर ब्रेकवर विसंबू नये. मालकाची परवानगी घेऊन आणि जाणता चालक शेजारी बसवून, अर्धी टाकी पाणी भरून मोकळ्या मैदानात ताशी १५-२० किलोमीटरच्या वेगाने ब्रेक लावून पाहावा आणि धक्के किती वेळ जाणवतात ते मोजावे. एवढ्या एका सकाळीत जे कळते, ते ऐकून कळत नाही.

लिटर आणि वजन यांची गल्लतही इथेच दूर करावी. १०,००० लिटर पाणी म्हणजे १० टन, तेवढेच डिझेल साधारण सव्वाआठ टन, तर साखर कारखान्याची मळी जवळपास १४ टन भरते. जड द्रव वजनाच्या मर्यादेमुळे टाकीभर नेता येत नाही, म्हणजेच लाटेला जागा उरते. घाट उतरताना डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची सवय काही जुने चालकही लावतात. ती उचलू नये. घाट सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून इंजिनाने गाडी धरावी, नाहीतर ब्रेक तापून निकामी होतात.

त्यानंतर दुधाचा टँकर घ्यावा. तेथे स्वच्छतेमुळे टाकीचा आतला भाग गुळगुळीत ठेवावा लागतो, त्यामुळे लाट अडवणारे पडदे कमी असतात किंवा नसतातच, आणि प्रत्येक संकलन केंद्रावर थोडे थोडे दूध चढत गेल्याने गाडीचा स्वभाव थांब्यागणिक बदलतो.

पेट्रोल, डिझेल, गॅस आणि स्पिरिट हा धोकादायक माल आहे. तो वाहण्यासाठी तीन दिवसांचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेऊन आरटीओकडून परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते, आणि एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते. टाकीवरच्या फलकावर १२०३ म्हणजे पेट्रोल आणि १२०२ म्हणजे डिझेल, हे चालकाला झोपेतून उठवले तरी सांगता आले पाहिजे. मनमाडजवळच्या पानेवाडीसारख्या इंधन डेपोत भरताना आणि पंपावर खाली करताना क्रम कधीही बदलू नये: इंजिन बंद, मग अर्थिंगची तार, आणि त्यानंतरच पाइप. वाहत्या इंधनाने स्थिर वीज साठते आणि एक ठिणगी पुरेशी असते.

टाकी रिकामी झाली तरी आत उतरू नये, मग ती मळीची का असेना, कारण आत प्राणवायू नसला तर माणूस ओरडण्याआधीच कोसळतो. कोसळलेल्याला काढायला तसेच उतरणाराही वाचत नाही. गाडी उलटली तर वारा जिकडून येतो त्या बाजूला दूर जाऊन ११२ वर कळवावे आणि सांडलेले इंधन भरून न्यायला येणाऱ्यांना दूर ठेवावे. १३ जून २०२३ रोजी लोणावळ्याजवळ कुणे पुलावर टँकर उलटून पेटला, तेव्हा पुलाखालच्या रस्त्यावरची माणसेही दगावली.

नोकरी ठरवताना पगार आणि भत्त्याइतकीच कामाच्या तासांची विचारणा करावी. कायद्यात दिवसाला ८ तासांची मर्यादा आहे. धोकादायक माल असेल, तर त्याची लेखी माहिती केबिनमध्ये देणे हे मालकाचे काम आहे. तो कागद मिळत नसेल, तर ती फेरी घेऊ नये.