यवतमाळहून बर्दियाला: लढाई संपलेल्या देशात हक्कांचं काम करायचं असेल तर

आमच्या भागातल्या एमएसडब्ल्यू करणाऱ्या पोरापोरींपैकी कोणी ना कोणी दर उन्हाळ्यात विचारतंच, ताई नेपाळात काम करायचं आहे, कसं जायचं, माझं इंग्लिश कच्चं आहे, जमेल का. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. मी घाटंजी तालुक्यातली, आधी कोलाम आदिवासींच्या पोडांवर म्हणजे वस्त्यांवर जातीच्या दाखल्यांचं आणि वनहक्क दाव्यांचं काम केलं, नंतर एका संस्थेकडून पश्चिम नेपाळच्या बर्दिया जिल्ह्यात बेपत्ता माणसांच्या कुटुंबांसोबत. आईचा तेव्हा एकच प्रश्न होता, "काहून जातं बाई तिकडे, इथं काय काम कमी हाये का?" प्रश्न बरोबरच होता, आणि इथलं काम केलं होतं म्हणूनच तिथलं समजलं.

जाण्याआधी इतिहास पक्का करा. 13 फेब्रुवारी 1996 ला माओवाद्यांनी लढा सुरू केला, 21 नोव्हेंबर 2006 ला शांतता करार झाला, मधल्या दहा वर्षांत सतरा हजारांच्या आसपास माणसं मेली आणि तेराशेच्या वर माणसं अशी की त्यांचं काय झालं ते घरच्यांना अजूनही कोणी सांगितलं नाही. 2008 ला राजेशाही गेली, 2015 ला नवं संविधान आलं. पण बर्दिया समजून घ्यायचा तर अजून मागं जावं लागतं. डोंगरांच्या पायथ्याच्या सपाट तराईतला हा पट्टा थारू लोकांचा, पूर्वी तिथं मलेरिया इतका होता की बाहेरचे राहायला धजत नव्हते, मग 1950 नंतर डीडीटी फवारून मलेरिया आटोक्यात आला आणि डोंगराकडचे लोक उतरले, जमिनी त्यांच्या नावावर लागल्या कारण कागद कसा करायचा ते त्यांना माहीत होतं, आणि थारू आपल्याच जमिनीवर कमैया म्हणजे वेठबिगार झाले. 17 जुलै 2000 ला सरकारने कमैया प्रथा बंद केली पण सुटका झालेल्यांना जमीन कुठं होती, हजारो कुटुंबं उघड्यावर आली. माओवादी जमिनीचं बोलत होते म्हणून बरेच थारू तरुण त्यांच्याकडे ओढले गेले, काही गेलेही नाहीत, आणि नोव्हेंबर 2001 ला आणीबाणी लागल्यावर सैन्याने सगळ्या थारूंवरच संशय धरला. रात्री घरातून उचललेली पोरं परत आलीच नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने डिसेंबर 2008 च्या अहवालात एकट्या बर्दियातली 170 प्रकरणं मांडली, त्यातली 156 सरकारी दलांकडे बोट दाखवणारी आणि 14 माओवाद्यांकडे. हे दोन्ही आकडे लक्षात ठेवा, पुढं कामी येतात.

आता मुख्य गोष्ट. कॉलेजात मानवी हक्क म्हटलं की जाहीरनामे, कलमं, भाषणं. लढाई थांबलेल्या गावात हक्क म्हणजे कागद, आणि नेमका कागदच लढाईत गेलेला असतो. माओवाद्यांनी कित्येक गावपंचायतींची कार्यालयं जाळली, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी गेल्या. 2002 ला स्थानिक प्रतिनिधींची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट 2017 ला, म्हणजे पंधरा वर्षं गावात निवडून आलेलं कोणी नव्हतंच. अशा वेळी ज्याचा बाप बेपत्ता आहे त्या पोराने नागरिकता कशी काढायची सांगा. नागरिकता म्हणजे तिथला मूळ कागद, त्याशिवाय सिम नाही, बँक नाही, जमीन नाही, लायसन्स नाही. त्यासाठी वॉर्डची सिफारिस लागते, बापाची नागरिकता लागते, नातं प्रमाणित करून लागतं, आणि बापाला नेताना त्याच्या खिशातलं कार्डही त्याच्यासोबतच गेलेलं. आईच्या नावावर मिळते असं कायद्यात आहे पण टेबलावरचा माणूस विचारतो नवरा कुठाय. ज्यांनी आपल्याकडे पोडावरच्या म्हाताऱ्यांसाठी 1950 च्या आधीचे पुरावे शोधले, शाळेचा दाखलखारीज चाळला, तलाठ्याकडे चकरा मारल्या, त्यांना हे काम लवकर जमतं. शाळेचं रजिस्टर, लसीकरणाचं कार्ड, शेजाऱ्यांचं सर्जमिन म्हणजे आपला पंचनामा, जुनी मतदार यादी, कुठून ना कुठून धागा सापडतो.

बेपत्ता माणसाच्या बायकोचं दुःख मात्र कुठल्याच फॉर्मच्या रकान्यात बसत नाही. लालपुर्जा म्हणजे तिथला जमिनीचा मालकीचा कागद, तो नवऱ्याच्या नावावर. तो तिच्या नावावर करायचा तर नवरा मेला असं लिहून द्यावं लागायचं, आणि ती म्हणायची मी का लिहून देऊ, ज्यांनी नेला त्यांनी सांगावं ना. एक दिदी मला म्हणाली होती, मी सही केली तर मीच त्याला मारल्यासारखं होईल. ती कुंकू लावायची म्हणून गावातले बोलायचे आणि पुसलं असतं तर सासरचे बोलले असते. तुम्ही तिथं नवीन असाल तर तिला कायदा समजावायला जाऊ नका. तिला कायदा तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतो, वर्षानुवर्षं गुलरियाच्या म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणच्या ऑफिसांत उभी राहिलेली असते ती. मेलेल्यांच्या आणि बेपत्तांच्या घरच्यांना सरकारने टप्प्याटप्प्याने दहा लाख नेपाळी रुपयांपर्यंत मदत दिली, आपले साधारण सव्वासहा लाख. पण ज्यांचा छळ झाला, ज्या बायकांवर बलात्कार झाले, त्या या मदतीतून बाहेरच ठेवल्या. बलात्काराची तक्रार करायची मुदत 2015 पर्यंत फक्त 35 दिवसांची होती. लढाई चालू असताना, बाहेर तेच सैनिक फिरत असताना कोणती बाई 35 दिवसांत पोलीस स्टेशनला जाईल? हे वाचून माझी झोप उडाली होती, तुमचीही उडायला पाहिजे.

मदतीची यादी म्हटली की आपल्या जिल्ह्यातल्या कोणालाही पात्र-अपात्र आठवेल. शेतकरी आत्महत्येच्या केसमध्ये कर्ज सरकारमान्य बँकेचं होतं की बिनपरवाना सावकाराचं यावर एक लाखाचा निर्णय होतो, घर तेवढंच बुडालेलं असतं. तिथं करारानंतर माओवाद्यांच्या छावण्यांतल्या तपासणीत 19,602 जण लढवय्ये म्हणून पास झाले, आणि 4,008 जणांना अयोग्य ठरवून 2010 ला बाहेर काढलं, त्यातले 2,973 जण मे 2006 च्या शस्त्रसंधीच्या वेळी अठरा वर्षांखालची पोरं होती. पास झालेल्यांतले बहुतेक पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन घरी गेले, चौदाशेच्या आसपास सैन्यात गेले, पण या पोरांच्या हाती तेव्हा रोख काही पडलं नाही. अशा कोणाशी बोलताना कुठल्या यादीत होतास हे पहिल्या भेटीत विचारू नका.

बाजू घेण्याबद्दल. मैना सुनुवार पंधरा वर्षांची होती, फेब्रुवारी 2004 मध्ये सैन्याच्या ताब्यात छळ होऊन गेली, तिच्या आईने पिच्छा सोडला नाही म्हणून 2017 ला काभ्रे जिल्ह्याच्या कोर्टाने तीन अधिकाऱ्यांना गैरहजेरीत शिक्षा सुनावली. दुसरीकडे नंदप्रसाद अधिकारी, त्यांच्या मुलाला 2004 मध्येच माओवाद्यांनी मारलं, न्यायासाठी उपोषण करता करता 2014 ला त्यांनी जीव सोडला. दोन्ही घरांचं दुःख तुमच्या वहीत सारख्याच अक्षरात लिहिलं गेलं पाहिजे. कोणत्या पक्षाच्या माणसाच्या मोटरसायकलवर बसून गावात येता हे सगळे बघत असतात, ज्याने पोराचं नाव सैन्याला सांगितलं तो दोन घरं सोडून राहत असू शकतो, त्यामुळे पहिली भेट अंगणात, सगळ्यांसमोर, आणि घटनेबद्दल एक शब्दही न काढता. लोकांनी आपली हकीकत इतक्या संस्थांना सांगितली आहे की अजून एकदा रेकॉर्ड करण्याआधी जुन्या जबाबाची प्रत त्यांच्याकडे आहे का ते विचारा. बहुतेकदा नसते. ती मिळवून देणं हे तुमचं पहिलं काम समजा. लढाईतल्या अत्याचारांच्या तक्रारी तपासणारा सत्य निरूपण आयोग 2015 ला नेमला, त्याच्याकडे साठ हजारांच्या वर तक्रारी गेल्या, त्याचा कायदा सुधारायला ऑगस्ट 2024 उजाडलं. म्हणून न्याय मिळवून देऊ असं तोंडातून जाऊ देऊ नका, एक नातं प्रमाणित करून देऊ म्हणा आणि ते करा.

तयारीचं थोडक्यात सांगते. इंग्लिश कच्चं असलं तरी फील्डमध्ये अडत नाही, रिपोर्ट लिहिताना अडेल तेव्हा शिकाल. नेपाळी मात्र आधीच सुरू करा, लिपी आपलीच आहे, कान बसायला वेळ लागतो, आणि थारू बायकांशी बोलायला थारू बोलणारी सोबतीण लागतेच. जमलं तर एलएलबी करा, वकिलांची फार कमतरता आहे. पैशांचं खरं सांगायचं तर शांतता करारानंतर निधीचा पूर आला होता, 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांचं मिशन आणि मानवाधिकार कार्यालय दोन्ही बंद झाले, 2015 च्या भूकंपानंतर उरलेला पैसाही मदतकार्याकडे गेला. त्यामुळे फेलोशिप लहान असते आणि मधेच थांबू शकते, घरी परतायचे पैसे बाजूला ठेवूनच निघा.

गेल्यावर पहिली भेट वॉर्डातल्या दलित महिला सदस्याशी घ्या. 2017 पासून प्रत्येक वॉर्डात दोन महिला, त्यातली एक दलित, अशा जागा राखीव आहेत, आणि कोणाच्या घरात कोणाची नागरिकता अडली आहे हे तिला अध्यक्षापेक्षा जास्त माहीत असतं. नागपूरहून लखनौ रेल्वेने, तिथून बहराइचमार्गे रुपैडिहा, पलीकडे नेपालगंज. व्हिसा लागत नाही, वोटर कार्ड किंवा पासपोर्ट आणि संस्थेचं पत्र जवळ ठेवा. दसैं-तिहार म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीच्या दिवसांत ऑफिसं बंद असतात, पावसाळ्यात गावांचे रस्ते तुटतात, म्हणून दिवाळीनंतर निघालात तर बरं. आणि मुलींनो, पहिले काही महिने गावात दोघी-दोघींनीच जा.