भरतीचं ग्राउंड करताय? मग या चुका टाळा

पहाटे नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर या, भरतीची पोरं दिसतील आणि निम्म्यांच्या हातात स्टॉपवॉच. पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, ५० मार्कांची, त्यात एकट्या १६०० मीटरला २०, म्हणून पोरांचा जीव तिथे अडकतो हे मान्य. पण रोज फुल ट्रायल मारून टायमिंग कमी होत नाही रे, पाय तेवढे संपतात.

पेठकडचा एक पोरगा होता, अंगाने काटक, मेहनतीला वाघ. रोज १६०० मारायचा, वहीत टायमिंग लिहायचा आणि साडेपाच मिनिटांवर अडकलेला. पहिला राउंड सत्तर सेकंदात उधळायचा, तिसऱ्याला पाय जड, चौथ्याला खांदे कानाला. नडगी दुखायला लागली तरी थांबेना, "सर, काल चार सेकंद जास्त लागले" हेच डोक्यात. शेवटी वही काढून घेतली. त्याला म्हटलं, ५ मिनिटं १० सेकंद हवेत ना, म्हणजे ४०० च्या राउंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद, बाकी सगळं विसर. नडगी शांत झाल्यावर आठवड्यातून दोनदा त्याच स्पीडचे सुटे राउंड, मध्ये पूर्ण दम खायचा, आणि इतर दिवशी सोमेश्वरच्या बाजूला गप्पा मारता येतील इतकं हळू पळायचं. महिन्याभराने ट्रायल घेतली तर चौथा राउंड तिसऱ्यापेक्षा फास्ट निघाला, आणि टायमिंग आपोआप खाली आलं.

सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतचं २०१० च्या कॉमनवेल्थचं ब्राँझ सगळ्यांना पाठ आहे, पण ती रेस १०,००० मीटरची, म्हणजे २५ राउंड, पहिल्यालाच उधळून ते निघत नाहीत, हे कोणी लक्षात घेत नाही.

गोळाफेकीतही तेच, लक्ष आकड्यावर. ७.२६० किलोचा गोळा हातातून सुटायच्या आधीच तो कुठे पडतोय बघायला मान वळते, डावा खांदा उघडतो आणि कमरेचा जोर वाया जातो. मी अंतर मोजायचा टेप बाजूला ठेवायला लावतो, आधी पाय आणि कंबर फिरू दे, नजर शेवटी.

१०० मीटरला रोज टायमिंग काढू नका, हाताने दाबलेल्या वॉचमध्ये एखाद-दोन दशांशाचा फरक पडतोच, त्यापेक्षा स्टार्ट घोटा.

नवे शूज ग्राउंडच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

पेनकिलर खाऊन पळणाऱ्याला मी सरळ घरी पाठवतो.

वही ठेवायचीच असेल तर किती झोपलो, प्रत्येक राउंड किती सेकंदात गेला आणि नडगी कशी आहे एवढंच लिहा, एकूण टायमिंगचा रकाना महिन्याभराने उघडा.