नागपुरात घर घेतलंत, आता मृत्युपत्र करा

सांगलीकडून मी १९९८ साली नागपुरात आलो. मिहानमध्ये नोकरीला लागून बेसा, मनीषनगरला फ्लॅट घेणारी मंडळी भेटली की शाळा, पाणी, कूलर सगळं सांगून झाल्यावर मी विचारतोच, मृत्युपत्र केलंत का? पस्तिशीतली माणसं दचकतात. पण आपला संसार दोन ठिकाणी असतो. गावच्या भावाला इथली कागदपत्रं ठाऊक नसतात आणि इथे बायकोला गावचा गट नंबर सांगता येत नाही.

आमच्या ले-आउटमधले एक शेजारी अचानक गेले. बँकेतल्या ठेवीला लग्नाआधी लावलेलं भावाचं नाव तसंच होतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे भावाला कळत होतं म्हणून पैसे तरी वहिनींना मिळाले. घराचं तसं झालं नाही. मृत्युपत्र नसलं की हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे बायको, मुलं आणि आई यांना सारखा वाटा. आई गावी अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या हक्कसोडपत्रासाठी वहिनींनी आठ महिन्यांत पाच खेपा घातल्या, दर वेळी कागदांची पिशवी छातीशी धरून. ते बघवत नव्हतं.

लागतं किती थोडं! साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही. तुमची सही आणि ती बघणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला काही द्यायचंय त्याला साक्षीदार करू नका. दोन वर्षांनी बदली होऊन जाणारा सहकारीही नको. वाद झाला तर साक्षीदाराला कोर्टात यावं लागतं, म्हणून इथेच स्थायिक झालेला, वयानं लहान माणूस बघा. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे जरूर करा. मिळकतीचं वर्णन खरेदीखतावरून उतरवा. इथल्या कागदांवर मौजा (म्हणजे महसुली गाव), खसरा नंबर (म्हणजे जमिनीचा सर्व्हे नंबर) आणि प्लॉट नंबर असतो, त्यातला एक आकडा चुकला तरी घरच्यांना त्रास.

आणि एकदा केलं म्हणजे झालं, असं समजू नका. माझं २००६चं मृत्युपत्र २०१५ साली उघडलं, तेव्हा विकलेला प्लॉट त्यात होता आणि धाकट्या मुलीचं नावच नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही. आठवड्यात नवं केलं, ‘याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असं लिहून, तारीख घालून. आता घर घेतलं, विकलं, घरात मूल आलं, कुणी गेलं, की ते बाहेर काढतो. लोखंडी कपाटात, वरच्या खणात, निळ्या फायलीत असतं. बायकोला आणि दोन्ही मुलींना जागा दाखवून ठेवली आहे.