लक्झेंबर्ग कमी पैशांत: नागपूरकरांनो, या चुका टाळा

दरडोई उत्पन्नात जगात अगदी वरच्या रांगेतला देश, त्यामुळे लक्झेंबर्ग आपल्या खिशाला झेपायचं नाही, असं बरेच जण गृहीत धरतात. गटसहलीवाले तर बसमधून उतरवतात, फोटो काढू देतात आणि पुढे नेतात. खरं तर उत्तर-दक्षिण 82 किलोमीटरचा हा देश, म्हणजे साधारण नागपूर ते वर्धा. नियोजन नीट असेल तर फिरण्याचा खर्च जवळपास शून्य. पैसे जातात ते भलतीकडेच.

पहिली चूक, प्रवासाचा पास आधीच घेऊन ठेवणं. 29 फेब्रुवारी 2020 पासून देशभरातल्या बस, ट्राम आणि रेल्वेचा सेकंड क्लास सगळ्यांना फुकट आहे, पाहुण्यांनाही. चढा आणि बसा. फक्त डब्यावर 1 हा आकडा दिसला की पुढच्या डब्यात जा, फर्स्ट क्लासला पैसे लागतात. दुसरी मेख सीमेवर आहे. जर्मनीतलं ट्रिअर किंवा फ्रान्समधलं मेट्झ गाठायचं असेल, तर सीमेपलीकडच्या अंतराचं तिकीट काढावंच लागतं. 'सगळं फुकट आहे' या भरवशावर बसलेला माणूस दंड भरून उतरतो.

खरा खड्डा मुक्कामाचा. राजधानीचं लक्झेंबर्ग शहर बँकांचं आणि युरोपीय संघाच्या कार्यालयांचं. सोमवार ते गुरुवार कामासाठी आलेली मंडळी खोल्या भरून टाकतात, म्हणून भाव चढतात आणि शनिवार-रविवारी बऱ्याचदा उतरतात. आपण सुट्टीचा हिशेब उलटा लावतो, सोमवारी पोचतो आणि मग बोंबलतो. शहरात पाफेन्थालच्या दरीत युथ हॉस्टेल आहे. तिथून वरच्या गावात नेणारी काचेची लिफ्ट 71 मीटर चढते, तीही फुकट.

स्वस्त म्हणून ट्रिअरला राहण्याचा सल्ला बरेच जण देतात. सल्ला वाईट नाही, पण मग त्या रात्री जर्मनीच्या खात्यात जमा होतात. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा अर्ज जिथे सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे करायचा असतो. मुक्काम सारखेच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडेल त्या देशाकडे. अर्जात लक्झेंबर्ग आणि हॉटेलची बुकिंगं सगळी ट्रिअरची, असा विसंगत कागद दिला की प्रश्न उभे राहणारच. आधी मुक्काम ठरवा, मग अर्ज भरा. प्रौढ माणसाची व्हिसा फी जून 2024 पासून 90 युरो आहे. प्रवास विम्याची रक्कम निदान 30,000 युरोंची हवी, एजंटने 'चालतंय हो' म्हटलं तरी पॉलिसीवर आकडा स्वतः वाचा.

ज्या शेंगेन गावात 1985 साली या व्हिसामागचा करार झाला, ते याच देशात मोझेल नदीकाठी आहे. तिथे जायलाही बस फुकट.

बॅग भरताना घरची मंडळी तुपाचा डबा आणि खव्याचे पदार्थ कोंबतात. युरोपीय संघात बाहेरून मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे; विमानतळावर डबा कचऱ्यात जाईल. चिवडा, तिखट आणि सावजी मसाल्याची पुडी ठेवा. एखाद्या स्टॉलवर बटाट्याच्या कुरकुरीत टिक्क्या तळताना दिसतील. अंडं न खाणाऱ्यांनी मात्र हात आखडता घ्यावा, पिठात अंडं असतं.

रविवारी बरीचशी दुकानं बंद किंवा अर्ध्या दिवसाची, म्हणून किराणा शनिवारीच आणा. हॉटेलात पाणी मागितलं की बहुधा बाटली येते आणि बिलात चढते. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, रिकामी बाटली सोबत असू द्या. कार्ड घासताना मशीन विचारेल, रुपयांत की युरोत? युरो दाबा, रुपयांतला भाव तुमच्या बाजूचा नसतो. आणि मे महिन्यात आपल्याकडचं ऊन अंगावर घेऊन निघालात तरी रेनकोट आणि जॅकेट हातातल्या बॅगेतच ठेवा.