भागीदार निवृत्त झाला किंवा वारला, तर त्याचा हिशेब कसा मिटवायचा

भागीदार बाहेर पडला की संस्था त्याचे किती देणे लागते, एवढेच काढायचे असते. बेरीज-वजाबाकी अवघड नाही, चुका होतात त्या प्रमाण निवडताना. त्याच्या जाण्याच्या दिवसापर्यंत जे साठले किंवा बुडाले, म्हणजे संचिती (न वाटता राखून ठेवलेला नफा), मागचा तोटा, मालमत्तेच्या किमतीतली वाढ-घट, ते सगळ्या भागीदारांत जुन्या नफा-तोटा प्रमाणात वाटायचे. त्याच्या जाण्याने उरलेल्यांच्या पदरात जो जादा हिस्सा पडतो, त्याची किंमत मात्र ते लाभाच्या प्रमाणात देतात. ख्यातीची, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाच्या किमतीची, नोंद बहुतेक वेळा इथेच चुकते.

आधी करारपत्र उघडा

ख्याती कशी काढायची, भांडवलावर व्याज आहे का, मृत्यूच्या तारखेपर्यंतचा नफा कशावरून ठरवायचा, रक्कम किती हप्त्यांत द्यायची, हे करारपत्रात असायला हवे. नसेल तर 1932 चा भारतीय भागीदारी कायदा लागू होतो: नफा-तोटा समान, भांडवलावर व्याज नाही, भागीदाराला पगार नाही. इतर भागीदारांना व्याज मिळते म्हणून जाणाऱ्यालाही ते लावून टाकण्याआधी कलम वाचा.

मृत्यूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. विरुद्ध करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने संस्था विसर्जित होते. अशा वेळी पुनर्मूल्यांकन करून हिस्सा काढायची पद्धत चालत नाही, वसुली खाते (मालमत्ता विकून देणी फेडल्याचा हिशेब) उघडून सगळाच हिशेब बंद करावा लागतो. खालील रीत संस्था पुढे चालणार असेल तेव्हाची आहे.

उदाहरण

आशा, भरत आणि चारू यांचे प्रमाण 3:2:1. 31 मार्च 2025 रोजी त्यांची भांडवले अनुक्रमे 3,00,000, 2,00,000 आणि 1,50,000 रुपये. संचिती 60,000 आणि धनको (ज्यांचे देणे आहे ते) 90,000. दुसऱ्या बाजूला इमारत 3,00,000, यंत्रे 1,60,000, माल 1,20,000, ऋणको (ज्यांच्याकडून येणे आहे ते) 1,00,000 आणि बँक 1,20,000. दोन्हीकडे बेरीज 8,00,000. 1 एप्रिलला भरत निवृत्त होतो. आशा आणि चारू यापुढे 3:2 प्रमाणात नफा वाटून घेणार आहेत.

पुनर्मूल्यांकनापासून सुरुवात करा. इमारत 20 टक्क्यांनी वाढली (60,000 जमा, म्हणजे फायदा). यंत्रे 10 टक्क्यांनी घटली (16,000 नावे, म्हणजे तोटा), ऋणकोंवर 5 टक्के संशयित बुडीत कर्ज निधी ठेवला (5,000 नावे), आणि 3,000 रुपयांचा अदत्त (द्यायचा राहिलेला) खर्च पुस्तकात यायचा राहून गेला होता, तोही नावे. नफा 36,000 उरला. तो 3:2:1 मध्ये वाटला की भरतला 12,000 मिळतात, आशाला 18,000 आणि चारूला 6,000. वाढ-घट टक्क्यांत दिली असेल तेव्हा शब्द नीट वाचा: किंमत 20 टक्क्यांनी वाढली आणि पुस्तकी किंमत बाजारभावापेक्षा 20 टक्क्यांनी कमी आहे, या दोन वाक्यांची उत्तरे वेगळी येतात. दुसऱ्या वाक्यात 3,00,000 ला 80 ने भागून 100 ने गुणायचे, म्हणजे वाढ 75,000.

संचिती 60,000 तिघांतच वाटा: 30,000, 20,000, 10,000. ताळेबंदात मागचा तोटा दिसत असेल तर तोही याच प्रमाणात, पण नावे. कामगार नुकसानभरपाई निधी आणि गुंतवणूक चढउतार निधी यांतून प्रत्यक्ष देणे किंवा घट वजा करून उरेल तेवढेच वाटायचे. कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी वाटायचाच नाही. नावात निधी असला तरी ते देणे आहे.

ख्याती

मागच्या तीन वर्षांचा नफा 80,000, 1,00,000 आणि 90,000 असेल तर सरासरी 90,000 येते. करारात दोन वर्षांची खरेदी, म्हणजे सरासरीची दुप्पट, ठरली असेल तर ख्याती 1,80,000. सरासरी काढण्यापूर्वी त्या वर्षांतला एखाद्या मालमत्तेच्या विक्रीचा नफा किंवा आगीचा तोटा बाजूला काढा, नाहीतर ख्याती फुगते किंवा आक्रसते. भरतचा हिस्सा 2/6, म्हणजे 60,000.

हे 60,000 कोण देणार? नवे प्रमाण वजा जुने प्रमाण म्हणजे लाभ. आशा: 3/5 − 3/6 = 3/30. चारू: 2/5 − 1/6 = 7/30. लाभाचे प्रमाण 3:7, म्हणून आशाच्या भांडवल खात्याला 18,000 आणि चारूच्या खात्याला 42,000 नावे, भरतच्या भांडवल खात्याला 60,000 जमा. घाईत जुने 3:1 लावले तर आशाला 45,000 चा फटका बसतो, आणि चारूला 42,000 चा हिस्सा 15,000 मध्ये मिळतो. ताळेबंद मात्र तरीही जुळतो, त्यामुळे चूक दिसत नाही. लाभांची बेरीज जाणाऱ्याच्या हिश्श्याएवढी येते का, एवढे पडताळून पाहा. इथे 10/30, म्हणजे भरतचा एक तृतीयांश हिस्साच. नवे प्रमाण दिलेलेच नसेल तर उरलेल्यांचे जुने प्रमाण हेच लाभाचे प्रमाण धरतात.

ख्याती मालमत्ता म्हणून पुस्तकात उभी करू नका. लेखामानक 26 नुसार पैसे मोजून घेतलेली नसलेली ख्याती ताळेबंदात येत नाही. आधीची पडून असेल तर प्रथम ती जुन्या प्रमाणात तिघांच्या भांडवलातून काढून टाका आणि मगच ही नोंद करा. कधी ख्यातीचे नावही न घेता एकरकमी तडजोड होते. समजा बाकी सगळे धरून भरतचे 2,32,000 येत होते आणि त्याला 2,92,000 द्यायचे ठरले. वरचे 60,000 ही छुपी ख्यातीच आहे आणि तिची नोंदही अशीच होईल.

किती आणि कसे द्यायचे

भरतचे भांडवल खाते: 2,00,000 + 12,000 + 20,000 + 60,000 = 2,92,000. त्याच्या नावे उचल, उचलीवरील व्याज किंवा संस्थेकडून घेतलेले कर्ज असेल तर ते इथेच वजा होते. बँकेतून 92,000 लगेच दिले, उरलेले 2,00,000 भरतच्या कर्ज खात्यात नेले. चार समान वार्षिक हप्ते आणि 10 टक्के व्याज ठरले असेल तर पहिल्या वर्षी 50,000 मुद्दल आणि 20,000 व्याज, पुढे एकूण 65,000, 60,000 आणि 55,000. व्याज दर वर्षी शिल्लक मुद्दलावर. पूर्ण 2,00,000 वर चारही वर्षे व्याज लावणे ही नेहमीची चूक.

नवा ताळेबंद: आशा 3,30,000, चारू 1,24,000, भरतचे कर्ज 2,00,000, धनको 90,000, अदत्त खर्च 3,000. समोर इमारत 3,60,000, यंत्रे 1,44,000, माल 1,20,000, ऋणको 95,000, बँक 28,000. दोन्हीकडे 7,47,000. भांडवले 3:2 मध्ये आणायची असतील तर 4,54,000 चे 2,72,400 आणि 1,81,600 होतात. चारूने 57,600 आणायचे आणि आशाने तेवढेच काढून घ्यायचे. बँकेत 28,000 च उरले आहेत, म्हणून चारूचे पैसे येण्यापूर्वी आशाला देऊ नका.

रक्कम दिली नाही आणि व्याजाबद्दल काही ठरलेही नाही, तर भागीदारी कायद्याच्या कलम 37 नुसार बाहेर गेलेल्याला किंवा त्याच्या वारसांना निवड मिळते: त्या पैशाच्या वापरातून झालेल्या नफ्यातला वाटा, किंवा द.सा.द.शे. 6 व्याज. निवड त्यांची, संस्थेची नव्हे.

मृत्यूच्या वेळी वेगळे काय

मृत्यू बहुधा वर्षाच्या मधेच येतो, म्हणून 1 एप्रिलपासून त्या तारखेपर्यंतच्या नफ्याचा हिस्सा द्यावा लागतो. भरत निवृत्त न होता 30 जूनला वारला असे धरा. सरासरी नफ्यावरून: 90,000 × 3/12 × 2/6 = 7,500. विक्रीवरून: मागच्या वर्षी 12,00,000 च्या विक्रीवर 90,000 नफा, म्हणजे साडेसात टक्के. तीन महिन्यांत 4,00,000 ची विक्री झाली असेल तर नफा 30,000 आणि हिस्सा 10,000. हंगामी धंद्यात हा फरक मोठा होतो, आणि करारात पद्धत लिहिलेली नसली की वारसांशी वाद इथूनच सुरू होतो. नोंद: नफा-तोटा निलंबन खाते (वर्षाचा नफा ठरेपर्यंतचे तात्पुरते खाते) नावे, भरतचे भांडवल खाते जमा. उरलेल्यांचे आपसातले प्रमाण बदलत असेल, जसे इथे बदलते आहे, तर निलंबन खात्याऐवजी ही रक्कम लाभाच्या प्रमाणात त्यांच्या भांडवलाला नावे टाका. भांडवलावरचे व्याज करारात असेल तर तेही तीन महिन्यांचेच, वर्षाचे नव्हे.

संयुक्त विमा पॉलिसी असेल तर हप्ते आजवर कुठे टाकले ते पाहा. दरवर्षी खर्ची घातले असतील तर आलेली पूर्ण रक्कम जुन्या प्रमाणात तिघांत वाटायची. पॉलिसी समर्पण मूल्याने (मुदतीआधी मोडल्यास मिळणाऱ्या रकमेने) ताळेबंदात असेल तर फक्त वरची रक्कम: 3,00,000 आले आणि पुस्तकात 45,000 होते, तर 2,55,000 वाटायचे, भरतकडे 85,000. पूर्ण तीन लाख वाटले की 45,000 दोनदा मोजले जातात.

एकूण देणे वारसाच्या कर्ज खात्यात न्या, पण पैसे देण्यापूर्वी नामनिर्देशन, मृत्युपत्र किंवा वारस प्रमाणपत्र पाहा. एका वारसाला दिले म्हणून दुसऱ्याचा हक्क संपत नाही.

कागदपत्रे

निवृत्तीची जाहीर सूचना द्यावी लागते: संस्था नोंदलेली असेल तर निबंधकाला, शिवाय राजपत्रात आणि जिल्ह्यातल्या एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात. ती न दिल्यास बाहेर गेलेला भागीदार नंतरच्या देण्यांनाही बांधलेला राहू शकतो. मृत्यूच्या बाबतीत अशा सूचनेची गरज नाही, मृताची मिळकत त्यानंतरच्या व्यवहारांना जबाबदार नसते. जीएसटी नोंदणीतला भागीदारांचा बदल 15 दिवसांत कळवा.

दोनच भागीदार असतील आणि एक वारला, तर करारात काहीही लिहिले असले तरी भागीदारी उरत नाही, कारण त्यासाठी किमान दोघे लागतात. हिशेब मृत्यूच्या तारखेला बंद करा. राहिलेला धंदा चालवणार असेल तर तो एकल मालक म्हणून, स्वतःच्या पॅनवर आणि नव्या जीएसटी क्रमांकावर.