ए अँड पी टू संपायच्या आधी टीस द्यावी का?

अमेरिकेत येऊन कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगची तयारी सुरू केलेल्या आपल्या मंडळींचा हा नेहमीचा प्रश्न. ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजीचा (ए अँड पी, म्हणजे शरीररचना आणि शरीरक्रिया) पहिला भाग झालेला असतो, दुसरा आणि मायक्रोबायॉलॉजी बाकी असते, आणि नर्सिंगच्या अर्जाची मुदत डोक्यावर आलेली असते. आधी विषय संपवायचे की आधी टीस (TEAS) ही नर्सिंगची प्रवेश परीक्षा द्यायची?

भारतातून जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून आलेल्यांचा रस्ता वेगळा आहे. त्यांनी पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं आणि आपल्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे एनक्लेक्ससाठी, म्हणजे नर्सच्या परवान्याच्या परीक्षेसाठी, अर्ज करावा. त्यांना ही प्रवेश परीक्षा लागत नाही. पुढचं सगळं पहिल्यापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे.

सर्वांत आधी तुमचं कॉलेज कोणती परीक्षा मागतं ते पाहा. बऱ्याच ठिकाणी एटीआय या कंपनीची टीस लागते, तर काही ठिकाणी हेसी एटू (HESI A2) ही दुसरी प्रवेश परीक्षा. हेसीमधले विभाग कॉलेज स्वतः निवडतं आणि त्यात ए अँड पीचा विभाग वेगळा असू शकतो. तसा तो असेल, तर दुसरा भाग संपेपर्यंत थांबण्यात अर्थ आहे. टीसचं गणित वेगळं आहे.

टीसच्या सध्याच्या, म्हणजे सातव्या आवृत्तीत १७० प्रश्न असतात आणि वेळ २०९ मिनिटं. त्यातले २० प्रश्न चाचणीपुरते असतात, त्यांचे गुण धरत नाहीत; मात्र ते कोणते हे परीक्षा देणाऱ्याला कळत नाही. उरलेल्या १५० पैकी वाचनाचे ३९, गणिताचे ३४, विज्ञानाचे ४४ आणि इंग्रजीचे ३३. विज्ञानाच्या ४४ मध्ये ए अँड पीचे १८, जीवशास्त्राचे ९, रसायनशास्त्राचे ८ आणि शास्त्रीय तर्काचे ९. म्हणजे ज्या विषयासाठी लोक अख्खं सेमिस्टर थांबतात, तो १५० पैकी १८ गुणांचा. वाचन, गणित आणि इंग्रजी मिळून १०६ होतात, आणि त्यांचा विज्ञानाच्या कोणत्याही प्रीरेक्विझिटशी, म्हणजे प्रवेशाआधी करायच्या विषयाशी, संबंध नाही.

म्हणून आमचं स्पष्ट मत असं: ए अँड पी वन पूर्ण झालं असेल आणि हाताशी आठ-दहा आठवडे असतील, तर टीस देऊन टाकावी. अपवाद एकच. काही कॉलेजं एकूण गुणांसोबत प्रत्येक विभागातही किमान गुण मागतात. विज्ञानाची अट कडक असेल, तर दुसऱ्या भागाचा अभ्यास आधी घरी पक्का करा.

तारीख ठरवण्याआधी ॲडमिशनच्या समुपदेशकाला ईमेल करा आणि उत्तर लेखीच घ्या. अर्जाच्या दिवशी प्रीरेक्विझिट चालू असलेले चालतात की पूर्ण झालेलेच लागतात? टीसचे गुण किती काळ ग्राह्य धरतात? परीक्षा कितीदा देता येते आणि दोन प्रयत्नांमध्ये किती दिवसांचं अंतर लागतं? विज्ञानाचे विषय किती वर्षांपर्यंतचे चालतात? पाच किंवा सात वर्षांची मर्यादा अनेक ठिकाणी असते. हे नियम कॉलेजागणिक बदलतात, मैत्रिणीच्या कॉलेजचा नियम तुम्हाला लागू होईलच असं नाही. घाईत टीस दिली आणि प्रवेश मिळेपर्यंत गुणांची मुदत संपली, तर परीक्षेचे पैसेही गेले आणि एक प्रयत्नही.

आता अभ्यास. ए अँड पी वनमध्ये साधारणपणे पेशी, ऊती, त्वचा, हाडं, स्नायू आणि मज्जासंस्था होते. हृदय, श्वसन, पचन, मूत्रपिंडं, अंतःस्रावी ग्रंथी, प्रतिकारशक्ती आणि प्रजनन दुसऱ्या भागात येतात. टीसपुरतं हे स्वतः करता येतं. रक्ताचा प्रवास न बघता लिहिता आला पाहिजे: उजवं अलिंद, ट्रायकस्पिड झडप, उजवं निलय, पल्मनरी धमनी, फुप्फुसं, पल्मनरी शिरा, डावं अलिंद, मायट्रल झडप, डावं निलय, महाधमनी. टीसमध्ये पायऱ्या क्रमाने लावायचे प्रश्न असतात, त्यामुळे नावं पाठ असून क्रम चुकला तर उपयोग नाही. मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनचे भाग आणि संप्रेरकांचा तक्ता, म्हणजे कोणती ग्रंथी, कोणतं संप्रेरक, काय परिणाम, हेही असंच पक्कं करा. एडीएच हे संप्रेरक हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं पण पश्च पिट्युटरीतून सोडलं जातं, यासारखे बारकावे वेगळ्या वहीत ठेवा.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांची अडचण संकल्पनेची नसते, शब्दांची असते. स्वादुपिंड म्हणजे पॅन्क्रियास, प्लीहा म्हणजे स्प्लीन. किडनीचं विशेषण मात्र रीनल होतं आणि यकृताचं हेपॅटिक, ते वेगळं पाठ करावं लागतं. हिंदी व्हिडिओ पाहून अभ्यास करणाऱ्यांनी तर फारच जपावं. मराठीत पेशी म्हणजे सेल आणि स्नायू म्हणजे मसल. हिंदीत पेशी म्हणजे मसल आणि स्नायु म्हणजे लिगामेंट. हा गोंधळ नकळत डोक्यात बसतो आणि परीक्षेत चुकीचा पर्याय बरोबर वाटू लागतो. शब्दांची कार्डं इंग्रजी आणि मराठी अशीच करा, हिंदी मध्ये आणू नका.

गणित आपल्याकडच्या दहावीच्या पातळीचंच आहे. गुण जातात ते अमेरिकी मापांत. एक कप ८ फ्लुइड औंस, दोन कपांचा पाइंट, दोन पाइंटचा क्वार्ट, चार क्वार्टचा गॅलन. पाउंडात १६ औंस, इंचात २.५४ सेंटिमीटर, किलोत सुमारे २.२ पाउंड. १५४ पाउंडांचा माणूस ७० किलोचा, आणि औषध किलोमागे ५ मिलिग्रॅम असेल तर मात्रा ३५० मिलिग्रॅम; अशी उदाहरणं रोज पाच सोडवा. स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो, पण तो बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकारापुरता. कंसाची उदाहरणं कागदावर मांडूनच करावी लागतात.

इंग्रजीत ३७ प्रश्नांना ३७ मिनिटं. मराठीत आर्टिकलच नसल्यामुळे ए आणि द हमखास चुकतात. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडण्याची सवयही नडते. ‘इट्स’ अपॉस्ट्रॉफीसह कधी आणि त्याविना कधी, हे आजच पक्कं करा.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. एकाहून जास्त पर्याय निवडायच्या प्रश्नात मात्र सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण मिळतो, अर्धा गुण नसतो.

पहिल्या आठवड्यातच घड्याळ लावून एक पूर्ण सराव चाचणी द्या. बरेच जण ती अभ्यास संपल्यावर देतात, आणि वाचनाला वेळ पुरत नाही हे तेव्हा कळून काही करता येत नाही. विज्ञानात सुरुवातीला कमी गुण आले तर बिचकू नका. चुकलेले प्रश्न विषयानुसार वेगळे करा आणि पुढचे आठवडे त्यावरच घालवा.

शेवटी नावाचं पाहा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा, लग्नानंतर आडनावही वेगळं असू शकतं. एटीआयच्या खात्यात ओळखपत्रावर आहे तसंच नाव घाला, नाहीतर परीक्षेच्या दिवशी बसू देत नाहीत. भारतातल्या पदवीचे विषय इथे धरून हवे असतील, तर विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट (विषय आणि गुणांचा अधिकृत दाखला) मागवण्याचं काम टीसच्या अभ्यासाच्या आधी सुरू करा. त्याला आठवडे नाही, कधीकधी महिने लागतात.